ई-पासच्या यादीत नसलेलं कारण

माहूर हे नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. किनवट मागे टाकलं की तेलंगणातलं आदिलाबाद. इथली सोयरीक त्यामुळे जिल्ह्याचा नकाशा पाहून होत नाही. पुसद, उमरखेड, आर्णीकडच्या लेकी इकडे नांदतात, इकडच्या तिकडे. २५ मार्च २०२० ला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागली आणि या नदीची सरहद्द झाली. एसटी बंद. जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांचा ई-पास हवा, आणि तो मागायची कारणं ठरलेली: वैद्यकीय तातडी, जवळच्या माणसाचा मृत्यू, कुठे तरी अडकून पडणं. नवरा मारतो म्हणून चार दिवस माहेरी जायचं आहे, हे कारण त्यांत कुठेच बसत नव्हतं. आंतरजिल्हा एसटी ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि ई-पासची अट २ सप्टेंबरला उठली. तोवर पाच महिने गेले होते.

हे कारण यादीतून कुणी मुद्दाम वगळलं असेल असं नाही. यादी करणाऱ्यांना ते सुचलंच नसावं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे घरातल्या हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, न्यायालयाकडून निवाऱ्याचा आदेश मिळू शकतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसतं ते असं, की हिंसाचार सोसणाऱ्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के कुणाकडे मदत मागतात, आणि मागितली तर सर्वाधिक वेळा स्वतःच्या माहेरच्या माणसांकडे. पोलिसांकडे, वकिलाकडे जाणाऱ्या फार थोड्या. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात काहीही असलं तरी प्रत्यक्षात बाईची संरक्षण व्यवस्था म्हणजे आई-वडील, भाऊ, मामा, आणि त्यांच्या गावापर्यंत जाणारी बस. टाळेबंदीने कायदा जागच्या जागी ठेवला आणि ही खरीखुरी व्यवस्था बंद केली. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० ला तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. त्या वर्षी आयोगाकडे २३,७२२ तक्रारी आल्या, आदल्या वर्षी त्या वीस हजारांच्या आत होत्या. आता हाच आकडा तांड्यावरून, पाड्यावरून पाहा. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३८ टक्के, पुरुष ६१ टक्क्यांहून जास्त. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा दिवसभर घरात. अशा घरातून व्हॉट्सॲपवर तक्रार जाणार कशी? वाढलेला आकडा ज्यांच्या हाती फोन होता त्यांचा. बाकीच्यांची मोजणी झालीच नाही.

साथीच्या काळात शासनाने माणसांशी व्यवहार केला तो कुटुंबाच्या मार्फत. 'घरी राहा, सुरक्षित राहा' या घोषणेत घर म्हणजे सुरक्षित जागा हे गृहीत होतं. ऑनलाइन शाळेत गृहीत होतं की घरातला फोन मुलीच्याही वाट्याला येईल. मदतीच्या योजनांचं गणित असं होतं, की घराला मिळालं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला मिळालं. माणसाचे हक्क व्यक्तीचे असतात, संविधानाचं १४, १५ आणि २१ वं कलम व्यक्तीविषयी बोलतं, कुटुंबप्रमुखाविषयी नाही. एरवीच्या दिवसांत हे हक्क बाईपर्यंत घराबाहेरच्या वाटांनी थोडेफार पोहोचत असतात: शाळा, बस, अंगणवाडी, बाजार, माहेर. साथीत त्या वाटा बंद झाल्या आणि सगळं घराच्या उंबऱ्यावरून आत-बाहेर होऊ लागलं. उंबऱ्यावर जो उभा, त्याच्या मर्जीवर मग आतल्याचा हक्क.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. करोनाने पुरुष जास्त मेले. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण दोन तृतीयांश पुरुषांचे होते. मग अन्याय बायकांवर झाला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण विषाणूने कोणाला मारलं आणि बंदोबस्ताने कोणाचं काय हिरावलं हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकाची बाजू जड म्हणून दुसरा खोटा ठरत नाही. शिवाय विषाणू नेहमी असाच वागतो असंही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानात उलटं झालं. तेव्हाच्या नोंदींत स्त्रियांचे मृत्यू पुरुषांहून अधिक दिसतात. १९११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या, १९२१ ला ९५५ उरल्या, आणि त्या घसरणीचा एक वाटा इन्फ्लुएंझाच्या खात्यावर जातो. आजाऱ्यांची उस्तवार करणारी, मागून जेवणारी, आधीच अशक्त असलेली बाई त्या तापात टिकली नाही. शंभर वर्षांनी आलेल्या विषाणूची निवड वेगळी होती, पण घरातली कामाची वाटणी फारशी बदलली नव्हती. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणारी बाई त्याला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं देते, असं काम करणारा पुरुष ९७. टाळेबंदीत सगळं घर चोवीस तास घरात आल्यावर त्या पाच तासांचं काय झालं असेल, त्याला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

कमाईचंही तसंच. माहूरचा बाजार रेणुकामातेच्या गडावर आणि दत्तशिखरावर येणाऱ्या माणसांवर चालतो: ओटीचं सामान, खण-नारळ, हार-फुलं, विड्याचा तांबूल, बांगड्या, चहा-फराळ. मंदिरं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेलाच उघडली. मधली चैत्रातली गर्दी दोन्ही वर्षं गेली, एक अख्खं शारदीय नवरात्र गेलं. हा फटका दुकानदार पुरुषालाही बसला, यात वाद नाही. फरक पडतो तो नंतर. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालानुसार पहिल्या टाळेबंदीत आणि नंतरच्या महिन्यांत ६१ टक्के पुरुषांचं काम टिकलं आणि ७ टक्क्यांचं गेलं ते वर्षअखेरपर्यंत परत आलं नाही. बायकांमध्ये काम टिकलं फक्त १९ टक्क्यांचं, आणि ४७ टक्के परत कामावर आल्याच नाहीत. गरीब-श्रीमंत हा खरा प्रश्न आहे, बाई-पुरुष नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. गरिबी दोघांच्या वाट्याला आली, पण तिच्यातून बाहेर पडायचा दरवाजा पुरुषाला लवकर उघडला.

मुलींच्या शाळेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. माहूर-किनवटचा पट्टा आदिवासींचा आणि बंजारा तांड्यांचा. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय किनवटला आहे आणि इथल्या कित्येक मुली आश्रमशाळांत राहून शिकतात. आश्रमशाळा मुलीला वर्गाबरोबर दोन वेळचं जेवण, झोपायला जागा आणि लग्नाच्या बोलण्यांपासून थोडं अंतर देते. मार्च २०२० ला हे सगळं एकदम गेलं. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, मधल्या अर्धवट उघडझापीसकट दीड वर्ष. आणि उघडले तेव्हा काय? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या खास त्यांच्यासाठी धावतात. पण ऑक्टोबरच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या हा वेगळा विषय. मुलगा मोटारसायकलवर तिघांत बसून शाळेत गेला, काळी-पिवळीला लटकून गेला. मुलीला तसं कोण पाठवणार? शाळेचा दरवाजा कागदोपत्री उघडा राहिला आणि तिच्यासाठी आणखी एक वर्ष बुडालं. साथीच्या परिणामांच्या अहवालांत हा संप सहसा सापडत नाही, कारण तो साथीच्या खात्यात बसत नाही.

मग लग्न. मराठवाड्यात बालविवाह करोनाने आणला नाही. कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, त्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्के, बीडमध्ये ४४ च्या जवळ, परभणीत ४८. ही माहिती महाराष्ट्रात २०१९ मध्येच गोळा झाली होती, साथ यायच्या आधी. साथीने या जुन्या दुखण्याला एक नवी सोय करून दिली. लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसं आणि दोन तास. एरवी लेकीच्या लग्नाला कर्ज काढणाऱ्या, जमिनीचा तुकडा गहाण टाकणाऱ्या बापाला हा स्वस्ताईचा हंगाम वाटला. मांडव नाही, जेवणावळ नाही, मानपान कमी, वर आजारपणाची भीती: आपल्याला काही झालं तर पोरीचं काय, त्यापेक्षा उरकून टाकू. या विचारात क्रूरपणा कमी आणि हिशेब जास्त आहे, म्हणून तो उपदेशाने बदलत नाही. तो बदलण्यासाठी गावात जी माणसं ठेवली आहेत, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेला ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी, ती तेव्हा करोनाच्या ड्युटीवर होती. रोज हजेरी घेताना 'ही चार दिवस का आली नाही' असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. साथीत बालविवाह किती वाढले याचा ठाम आकडा या पाहणीतून निघत नाही, कारण ती आधीची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे २०१९ मध्ये ५२३ होते, २०२० मध्ये ७८५, २०२१ मध्ये १,०५०. यावरून लग्नं दुपटीने वाढली असं म्हणणं घाईचं होईल. तक्रारी वाढल्या असतील, पोलीस जागे झाले असतील. पण दुसऱ्या बाजूने पाहा. मेळघाटातल्या कुपोषणावरच्या जनहित याचिकेत, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितल्यावर, राज्य सरकारने २०२२ मध्ये सोळा जिल्ह्यांतल्या आदिवासी भागांची पाहणी करून माहिती दिली, की तीन वर्षांत तिथे पंधरा हजारांहून अधिक बालविवाह झाले. देशभरातले वर्षाचे गुन्हे हजार आणि एका राज्यातल्या काही तालुक्यांत तीन वर्षांतली लग्नं पंधरा हजार. वाढ किती झाली हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. जे घडतं त्याचा फार छोटा हिस्सा कायद्याच्या नजरेला पडतो, आणि साथीत ती नजरही दुसरीकडे वळवली गेली. हे आपल्याच देशात होतं असंही नाही. इबोलाची साथ ओसरल्यावर सिएरा लिओनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा गरोदर मुलींना शाळेत यायला सरकारनेच बंदी घातली. साथीच्या काळात ज्यांचं संरक्षण झालं नाही त्यांनाच शिक्षा, आणि ती बंदी उठायला २०२० चा मार्च उजाडावा लागला.

पुरुष जास्त मेले या आक्षेपाचं उरलेलं उत्तर विधवांच्या प्रश्नात आहे. मेलेल्या पुरुषांमागे बायका राहिल्या, पुष्कळशा तिशी-चाळिशीतल्या. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने दहा लाखांची आणि राज्याने पाच लाखांची तरतूद केली, ते योग्यच झालं. पण बाप गेला आणि आई जिवंत आहे, अशा मुलांना त्या लाखांतलं काही नाही. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचे महिन्याला हजार-अकराशे रुपये, पुढे वाढून सव्वादोन हजार. अनाथाला जास्त मिळावं हे कुणीही मान्य करील. पण दोन रकमांतलं अंतर पाहिलं की जाणवतं, आई जिवंत आहे एवढीच गोष्ट योजनाकर्त्यांनी मिळकत म्हणून धरली होती. त्या आईच्या नावावर काय असतं? सातबारा नवऱ्याच्या नावावर, कित्येकदा सासऱ्याच्याच. पतसंस्थेचं आणि सावकाराचं देणं मात्र तिच्या दारात येतं. वारसा कायद्याने ती पहिल्या वर्गाची वारस आहे, पण वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जायला सोबत दीर लागतो, आणि हिस्सा मागायचा तो त्याच दिरापाशी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक मृत्यूमागे पन्नास हजारांची मदत ठरली. तिच्यासाठी महाराष्ट्रात अर्ज आले दोन लाखांच्या वर, तेव्हा सरकारी नोंदीतले मृत्यू होते १ लाख ४१ हजारांच्या घरात. ज्यांचं मरण नोंदीत नव्हतं त्यांच्या बायकाही तोवर नोंदीत नव्हत्या.

या बायकांची मोजदाद आणि पाठपुरावा मुख्यतः कार्यकर्त्यांनी केला. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने करोना एकल महिला पुनर्वसन समिती गावोगाव उभी राहिली. तिच्या रेट्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने 'मिशन वात्सल्य' आणलं आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. कल्पना चांगली होती. नवीन योजना काढण्याऐवजी आहेत त्याच योजना त्या बाईपर्यंत नेऊन पोहोचवायच्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, त्यामागेही या दोन वर्षांत घरोघरी पाहिलेलं दुःख होतं. मात्र ठरावाला टाळ्या मिळतात तेवढ्या सहज फेरफाराला सही मिळत नाही, हेही सांगायला हवं.

दुसरा मोठा आक्षेप व्यवहारी माणसांचा. आग लागल्यावर आधी माणसं बाहेर काढायची की हक्कांची यादी वाचायची? मार्च २०२० मध्ये कुणालाच काही कळत नव्हतं, सरकारला चार तासांत निर्णय घ्यावे लागत होते. हे मान्य. पण त्याच सरकारांनी, त्याच घाईत, काही ठिकाणी बाईला थेट गाठलं आणि तिथे अंतर कमी झालं. एप्रिल ते जून २०२० मध्ये जनधन खातं असलेल्या सुमारे वीस कोटी बायकांच्या खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. रक्कम तुटपुंजी होती, बँक लांब होती, तरी खातं तिचं होतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरते, त्यामुळे मोफत धान्याची वाट तिच्या नावावरून गेली. सर्वांत बोलका पुरावा लसीकरणाचा. २०२१ च्या मध्यापर्यंत, नोंदणीसाठी फोन, इंटरनेट आणि केंद्रापर्यंत प्रवास लागत होता तेव्हा, देशात हजार पुरुषांमागे साडेआठशे ते पावणेनऊशे बायकांना लस मिळत होती. पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये ही अफवा तर घराघरांत पोहोचली होती. मग थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली, ऑक्टोबरात राज्यात 'मिशन कवच कुंडल' झालं, नोव्हेंबरपासून 'हर घर दस्तक' आलं, लस घेऊन माणसं दारात गेली. ते अंतर जवळजवळ मिटलं. बायकांचं मन काही महिन्यांत बदललं नव्हतं, लस त्यांच्या दारापर्यंत आली होती. घाईतही हे जमतं, फक्त आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती बाई असावी लागते.

दारात जाणारी ही माणसं होती मुख्यतः आशा. राज्यात त्या सुमारे सत्तर हजार. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजला तो त्यांनी, लसीच्या अफवा खोडल्या त्यांनी. त्यांना सरकार पगार देत नाही, मानधन देते, कारण नियमाने त्या स्वयंसेविका. १५ जून २०२१ पासून त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे १ जुलैपासून महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. सन्मानाची बातमी सर्वत्र छापून आली. ज्यांच्या पायांवर बायकांचे हक्क दारापर्यंत गेले त्या स्वतः किमान वेतनाच्या हक्काबाहेर होत्या, ही गोष्ट त्या बातमीत क्वचितच होती.

पुढच्या साथीची तयारी मुंबई-दिल्लीत होईल तशी नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही व्हायला हवी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणं आणि दरवर्षी तो तपासून सुधारणं बंधनकारक आहे. त्याच कायद्याचं ६१ वं कलम सांगतं, की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेद करता येणार नाही. २०२० मध्ये भेद कुणी उघडपणे केला नाही, तो वाटेच्या आखणीत होता. म्हणून आराखड्यात आखणीचे प्रश्न असायला हवेत. प्रवासबंदीतून कोणाला सूट, त्या यादीत हिंसाचारातून सुटणारी बाई आहे का? ग्रामसेवक साथीच्या कामावर गेला तर बालविवाह कोण रोखणार? आश्रमशाळा बंद झाली तर मुलींचं जेवण आणि हजेरी कोणाकडे? घरात मृत्यू झाला तर वारस नोंद किती दिवसांत, आणि ती करायला तलाठी तिच्या घरी जाणार की ती त्याच्याकडे? आशांना त्या काळात पगार किती? जिल्ह्याचा हा आराखडा सार्वजनिक कागद आहे. आपल्या ग्रामसभेत तो मागा, विशेषतः महिलांच्या ग्रामसभेत, आणि यांतल्या किती प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत ते वाचून घ्या. नसतील तर ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. साथ नसताना हे काम करायला वेळ असतो.